हजेरीतला खाडा

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हजेरी आणि पगाराचं बघतो. कारखान्याचं नाव नको आणि ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचंही खरं नाव नको, शिनू म्हणू. त्याला विचारूनच लिहितोय, म्हणला "लिही की बे, पण बायकोचं नाव घालू नको."

शिनू आमचा जॉबर. माग बंद पडला की आधी शिनूला हाक. नुसता आवाज ऐकून सांगायचा कुठं अडकलंय ते. पितो हे सगळ्यांना माहीत होतं, पण पिणारे काय कमी आहेत का, पगाराच्या संध्याकाळी गेटबाहेर कोण कुठं वळतो ते वॉचमनला विचारा. त्यामुळं कुणाला विशेष काही वाटलं नाही. मला खटकलं ते वेगळंच. सकाळी आठला आला की हात थरथरायचे, फणीत धागा ओवायला चार-चारदा प्रयत्न, ऐन डिसेंबरात कपाळावर घाम, आणि साडेदहाच्या चहाला बाहेर जाऊन आला की हात एकदम स्थिर, गडी नॉर्मल. मी उलटं समजत होतो, म्हणजे थरथरतोय तर रात्रीची उतरली नसंल. अहो, उतरली म्हणूनच थरथरत होता. पण हे मला नंतर कळलं.

आणि मी काय केलं, तर सात-आठ महिने त्याचे खाडे झाकले. उशिरा आला तर वेळ सरळ करून टाकायची, नाही आला तर अर्धा दिवस लावायचा, मालकांनी विचारलं तर गावाकडं मयत झालीय. त्याच्या एका मामाला मी दोनदा मारलंय. वर हातउसने पैसे वेगळेच. पोरगी दहावीला होती त्याची, म्हणलं नोकरी गेली तर घर बसंल. मला वाटायचं मी मदत करतोय.

एक दिवस वहिनींचा फोन आला. त्या रडल्या-ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, एकदम शांतपणे बोलल्या, "भावजी, मी काही म्हणलं की ते पगार दाखवतात, म्हणतात पूर्ण पगार येतोय, मग माझं कुठं काय बिघडलंय." मला काय बोलावं सुचेना. तो पूर्ण पगार मीच लावत होतो की.

मग बोलायचं ठरवलं. पहिल्यांदा संध्याकाळी बोललो ती चूक, तेव्हा तो टाकून आला होता, गळ्यात पडला, सगळं कबूल केलं, सकाळी काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्यांदा चहाच्या आधी गाठलं, गोडाऊनच्या मागं, दोघंच. दारुडा वगैरे शब्द काढला नाही, जे बघितलं तेवढंच सांगितलं. मंगळवारी दहाला आलास, परवा हात कापत होते, चालू मागात हात गेला तर काय करशील, आणि आजपासून मी खोटी हजेरी लावणार नाही. "तुझं काम बघ बे" म्हणून निघून गेला. चार दिवसांनी स्वतःच आला, "सकाळी घेतल्याशिवाय चपलीचा पट्टा लावता येत नाही रे मला."

इथंवर ठीक होतं. पुढं मी शहाणपणा केला.

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, भरला होता, म्हणलं यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला. रविवारी त्याला सिद्धेश्वराच्या देवळात नेलं, शपथ घ्यायला लावली, एक थेंब पण नाही. आणि त्यानं खरंच पाळली हो! सोमवारी रात्रभर उलट्या, झोप नाही, मंगळवारी पहाटे फिट आली. वहिनींनी फोन केला, रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. त्या दिवशी रात्रीपासून ओळख विसरला. कॉटवर बसून हवेत दोन्ही हातांनी तुटलेले धागे जोडत होता, गाठ मारून मारून पुढं, आणि मला म्हणतोय "माग बंद कर, माग बंद कर." ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन झापलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, त्यात माणूस जाऊ पण शकतो. हळूहळू उतरवायला गोळ्या असतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं लागतात, हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. म्हणजे शपथ वाईट नाही, पण आधी डॉक्टर. वहिनींना शेजारणीनं दारू सुटावी म्हणून चहात गुपचूप टाकायची पावडर सांगितली होती, त्यावर तर डॉक्टर भडकलेच. तसलं औषध न सांगता दिलं आणि त्यावर माणूस दारू प्यायला तर जिवावर बेततं.

नंतर कळलं की आधीच विचारायला नंबर होते. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आणि १४४१६ टेलिमानस, म्हणजे सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिथं मराठीत बोलतात, रात्री-अपरात्री पण. पिणाऱ्यानंच फोन करावा असं नाही, माझ्यासारख्यानं केला तरी चालतो.

मालकांना सांगायचं की नाही यावर शिनूचं आणि माझं बरंच वाजलं. शेवटी तोच गेला, मी नुसता दाराशी उभा होतो. मालक ओरडले, मग म्हणाले मागापासून लांब राहा, पॅकिंगला बस. पगार कमी झाला, पण नोकरी राहिली. (सगळे मालक असे नसतात, हे माहितीय मला.) आता तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला जातो. तिथं काय बोलतात ते सांगत नाही, मी विचारत नाही. वहिनी म्हणतात रात्री झोप लागते आता, कुणाची ते नाही बोलल्या.

यंदाच्या गड्ड्यात पाय घसरला. पाहुणे आले होते, शिंदीपासून सुरू झालं, दोन दिवस गायब. तिसऱ्या दिवशी आठला हजर, डोळे लाल, मीटिंगमधल्या एकाला सोबत घेऊन आलेला, तो गेटबाहेर थांबलेला. दवाखान्यात जाऊन आलोय म्हणला. मी रजिस्टर उघडलं आणि दोन दिवसांचे दोन खाडे लावले, त्याच्यासमोरच. त्यानं वाकून बघितलं.

"मामा नाही का मारला यंदा?" म्हणला, आणि पॅकिंगकडं गेला.