एक्सपीची जुनी मशीनं लिनक्सच्या सांबा सर्व्हरवर

विंडोज एक्सपीची मशीनं लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर सांबा या प्रोग्राममार्फत उघडतात. सर्व्हर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) १८.०४ वरून २०.०४ वर नेला, की एक्सपीच्या मशीनवर झेड ड्राइव्हला, म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरला, तांबडी फुली लागते. केबल ठीक असते, पिंग जातो, पण फोल्डर उघडत नाही. २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबा आपणहून एसएमबी२ च्या (एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटण्याची विंडोजची पद्धत) खाली उतरत नाही आणि एक्सपीला एसएमबी१ शिवाय काहीच येत नाही. लॉगमध्ये 'नो प्रोटोकॉल सपोर्टेड' दिसलं तर दुखणं हेच.

इथे कुलपं दोन आहेत. पहिलं सर्व्हरवरच उघडावं लागतं. सांबाच्या कॉन्फ फाइलमध्ये ग्लोबल विभागात 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' ही ओळ घाला (फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत; एनटी१ हे एसएमबी१ चंच सांबातलं नाव), 'टेस्टपार्म' या आज्ञेने फाइल तपासा आणि एसएमबीडी ही सांबाची सेवा पुन्हा सुरू करा. नव्या मशीनचं यात काही बिघडत नाही, ती एसएमबी३ वरच जोडली जातात.

दुसरं कुलूप पासवर्डचं. पासवर्ड बरोबर असूनही खिडकी पुन्हा पुन्हा येते, कारण ४.५ पासून सांबा एनटीएलएमची (विंडोजची पासवर्ड पडताळायची पद्धत) पहिली आवृत्ती नाकारतो आणि एक्सपी मुळात तीच पाठवतो. यावर 'एनटीएलएम ऑथ = यस' हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. त्याने सगळ्याच वापरकर्त्यांसाठी कमकुवत दार उघडं राहतं. दुरुस्ती एक्सपीवर करा, म्हणजे ते दुसरी आवृत्ती पाठवेल: रेजएडिटमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचा प्रोग्राम) एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, एलएसए इथे जाऊन 'एलएमकंपॅटिबिलिटीलेव्हल' या डीवर्डची किंमत ३ करा आणि मशीन रीस्टार्ट करा. लिनक्सवर एक्सपीच्या लॉगिनच्याच नावाचा यूजर बनवून 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने एक्सपीच्या लॉगिनचाच पासवर्ड दिला, तर एक्सपी पुन्हा विचारत नाही. १२१९ क्रमांकाची चूक आली तर जुनी जोडणी अडकलेली असते. 'नेट यूज * /डिलीट' ने ती सुटते.

विंडोज ९८ मात्र जोडू नये. त्यासाठी लॅनमॅन ऑथ (एनटीएलएमच्याही आधीची पासवर्डची पद्धत) चालू करावं लागतं, आणि त्या पद्धतीचे पासवर्ड फोडायला वेळ लागत नाही.

मराठी नावांच्या फाइलींकडे नीट लक्ष द्यायला हवं. एक्सपीवर नावाच्या जागी चौकोन दिसले तर रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा. एक्सपीच्या सीडीवरचा आय३८६ फोल्डर हाताशी ठेवा, तो मागितला जातो. खरी अडचण लांबीची आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावाला २५५ अक्षरं चालतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये (लिनक्सवर अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजून. 'ग्रामपंचायत' हा एवढासा शब्द ३३ बाइटचा. म्हणजे ८५ चिन्हांवर मर्यादा संपते आणि ठरावाचं अख्खं शीर्षक नावात घातलेली फाइल कॉपी होताना मध्येच अडते. ती नावं आधीच छोटी करून घ्या.

फॉक्सप्रोच्या (जुना डेटाबेस प्रोग्राम) काळातली हिशेबाची प्रोग्रामं चालत असतील तर त्या शेअरवर 'व्हेटो ऑपलॉक फाइल्स = /*.डीबीएफ/*.सीडीएक्स/' ही ओळ हवीच. ऑपलॉक म्हणजे फाइल स्वतःकडे धरून ठेवायची सर्व्हरने दिलेली मुभा. ती मिळालेलं मशीन बदल स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतं. तेवढ्यात वीज गेली की इंडेक्स बिघडतो.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या एसएमबी१ मधल्या भोकातून. ते भोक सांबात नव्हतं, पण नेटवर्कवर उघडी पडलेली एक्सपी मशीनं धोक्यातच असतात. म्हणून सर्व्हरला दुसरं लॅन कार्ड लावा, एक्सपीची मशीनं त्याच्या वेगळ्या स्विचवर ठेवा, त्यांचा गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) रिकामा सोडा आणि सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरची वाहतूक दुसऱ्याकडे सोडणं) बंद ठेवा. मग सर्व्हरवर कोणती मशीनं जोडलेली आहेत ते दाखवणारी 'एसएमबीस्टेटस' ही आज्ञा चालवून प्रोटोकॉलचा रकाना पाहा. एक्सपीखेरीज कुठल्याही मशीनसमोर एनटी१ दिसलं, तर ते मशीन आधी तपासा.