एका गळतीची डागडुजी

माझ्याकडे प्लायवुडची एक जुनी, एन्टरप्राइज वर्गातील शिडाची होडी आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेल्या या होडीची लांबी जेमतेम ४ मीटर असल्याने दुरुस्तीही तेवढीच आटोपशीर असेल, असा माझा भाबडा समज होता. सेंटरबोर्डच्या (होडीच्या तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीपाशी पाणी झिरपत होते, म्हणून तेथील रंग खरवडून पटाशीचे टोक टेकवले, तर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे खचले आणि दोन तासांचे काम दोन महिन्यांवर गेले.

कुजलेला भाग कापून नवा तुकडा बसवणे त्यामानाने सोपे होते. खरा छळ मांडला तो इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाने. राळ आणि हार्डनर खोलगट पेल्यात एकत्र केले, की मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि ब्रश हाती घेईपर्यंत त्याचा दगड होतो, हे दोन पेले वाया घालवल्यावर उमगले. तेव्हापासून मी थोडेच मिश्रण करून ते पसरट ताटलीत ओततो. (वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा परस्पर उचलला, याबद्दल घरी अजून ऐकून घ्यावे लागते.) दमट हवेत थरावर मेणचट साय धरली, ती पाण्याने धुऊन पॉलिश पेपरने घासल्याशिवाय पुढचा थर चिकटेना.

अखेर गेल्या रविवारी होडी घोडीवर चढवून, खाली वर्तमानपत्र अंथरून आत चार बादल्या पाणी ओतले. पेटीखालचा कागद तासाभराने बोटांनी चाचपला, तर तो कोरडा कुरकुरीत होता. मागच्या कोपऱ्यात मात्र रुपयाएवढा ओला डाग दिसला, आणि मी पुन्हा पटाशी शोधू लागलो.