जुना लॅपटॉप, कीर्तनं आणि गच्चीवरची टाकी

दिवाळीच्या सुट्टीत कपाटातला जुना लॅपटॉप बाहेर काढला, ४ जीबी रॅमवाला, बॅटरी फुगलेली होती म्हणून आधी ती काढली (हे खरंच पहिलं करा, मशीन २४ तास चालू राहणार असतं) आणि घरचा सर्व्हर करायला त्यावर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टीम टाकली, डेस्कटॉपचा खिडक्या-आयकॉनवाला भाग न घेता. मग डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) जेलीफिन, म्हणजे आपली गाणी-व्हिडिओ घरातल्या फोनवर लावून देणारा मीडिया सर्व्हर, आणि होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर. जेलीफिन २०१८ मध्ये एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून वेगळं झालं, पूर्ण ओपन सोर्स आहे, म्हणूनच मला ते जवळचं वाटतं.

बाबांनी गावच्या सप्ताहात कॅसेटवर रेकॉर्ड केलेली कीर्तनं मी एमपीथ्री करून जेलीफिनमध्ये ठेवलीत, आई ती आता पोळ्या लाटताना फोनवर लावते.

एकदा लाईट गेली, आल्यावर लॅपटॉप चालू केला तर सगळी लायब्ररी रिकामी! पोटात गोळाच आला. फाइली जागेवरच होत्या, फक्त बाहेरच्या हार्डडिस्कला लिनक्सने दिलेलं नाव एसडीबीचं एसडीसी झालेलं आणि मी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) जुनंच नाव लिहिलेलं. ब्लकआयडी कमांडने यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक, काढून तो लिहिला, सोबत नोफेल (डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होऊ दे, असा पर्याय), तेव्हापासून त्रास नाही.

पण खरा उपयोग टाकीचा झाला. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर चालू-बंद होणारा), तो ईएसपी८२६६ या छोट्या वायफाय चिपला जोडलाय, टाकी भरली की होम असिस्टंट मोटर बंद करतं. मोटर सुरू होताना करंट खूप ओढते, साधा स्मार्ट प्लग लावू नका, मी वायरमनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा विजेवर चालणारा स्विच, बसवून घेतला. आणि वायफाय गेलं तरी पाणी वाया जायला नको म्हणून २० मिनिटांनी मोटर बंद करणारा टायमर मोटरकडच्या रिलेमध्येच (कॉन्टॅक्टरला चालू-बंद करणारा छोटा स्विच) ठेवलाय.