नखभर

तीन महिने खपून केलेलं काम परवा दोन ओळींच्या उत्तरासह परत आलं. उत्तरात 'खेद' हा शब्द होता आणि माझं नाव चुकीचं लिहिलेलं होतं. दोन्हींपैकी जास्त काय लागलं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

त्यानंतरचा अख्खा दिवस मी खुर्चीत बसून काढला. अंथरूण पसरलेलंच होतं. अंघोळ आधी लांबली, मग राहूनच गेली. फोन पालथा घालून ठेवला होता, तरी दर पाच मिनिटांनी उचलून बघत होते. जणू तेवढ्यात कुणी मत बदलून 'चूक झाली, काम उत्तम आहे' असं कळवणार होतं. दुपार कलताना कानामागे खाज आली. खाजवायला गेले तर चांगला ओरखडाच उठला, माझ्याच नखाचा. एवढ्यानेही डोळ्यांत पाणी आलं, यावरून त्या दिवसाची कल्पना यावी.

नखं खरंच वाढली होती. नेलकटर शोधायला उठले. त्या दिवसातलं माझं ते पहिलं उठणं.

नखं कापणं हे तसं बिनमहत्त्वाचं काम. त्याला प्रतिभा लागत नाही, उत्साह लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. मांडीवर कागद पसरायचा आणि करंगळीपासून सुरुवात करायची. टक्. एक पांढुरकी कोर कागदावर पडते. टक्. दुसरी उडून कुठेतरी जाते, ती रात्री पायालाच सापडणार. दोन-तीन बोटं झाली की लक्षात येतं, आपण मघापासून कुणाशी मनातल्या मनात भांडत नाही आहोत. एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरलेलं असतं आणि नजर तेवढ्यावरच असते. जिव्हाळीला इजा होऊ नये, एवढीच काय ती चिंता.

अंगठ्यापाशी आले तेव्हा नखावर एक आडवी खाच दिसली. नखाच्या बरोबर मध्यावर, उथळशी. बोट फिरवलं तर लागावी इतकीच. आधी वाटलं कुठे तरी आपटलं असेल. पण दुसऱ्या अंगठ्यावरही तशीच, साधारण तिथेच. मग आठवलं. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी तापाने आठ दिवस आडवी होते. मोठं आजारपण आलं की नखाच्या मुळाशी चाललेलं काम काही काळ मंदावतं किंवा थांबतं, आणि ते पुन्हा सुरू झालं की मधल्या खंडाची अशी खूण नखावर उमटते. ब्यू नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 मध्ये या खुणांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही ब्यूच्या रेषा म्हणतात. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. त्यामुळे खाच मुळापासून किती पुढे सरकली आहे ते पाहून आजार कधी झाला असावा, याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो.

म्हणजे माझं ते आजारपण माझ्या अंगठ्यावर तारखेसकट नोंदलेलं होतं. त्याहून मजेची गोष्ट ही, की ते निम्म्या वाटेवर पोचलं होतं. अजून थोड्या महिन्यांनी टोकाला येईल आणि एक दिवस टक्कन कापलंही जाईल. यात माझा हात काय? काहीच नाही. तापातून उठल्यावर 'आता नखं वाढवली पाहिजेत' असा निश्चय काही मी केला नव्हता. काम परत आल्यावर मी हातपाय गाळून बसले होते त्या दिवशीही नख आपलं कामावर होतंच.

विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याचं नख पस्तीस वर्षं मोजलं. मुळापाशी खूण करायची, ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते बघायचं, की परत नवी खूण. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी 0.095. पस्तीस वर्षांत या माणसाचेही काही दिवस वाईट गेलेच असणार. वेग घटला, पण शून्य काही झाला नाही. हे मोजत बसणारा माणूस मला फार आवडतो. मी त्यांच्या घरची असते तर वैतागले असते, ते वेगळं.

खचलेल्या माणसाला आपण काय सांगतो? 'कंबर कस', 'हिंमत धर', 'सकारात्मक विचार कर'. यातल्या तिसऱ्या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. विचार ही खिशातून काढून बदलायची वस्तू असती, तर आधीच नसती का बदलली? खरं तर आपल्या भाषेला यातलं पुष्कळ आधीपासून कळतं. अवसान आणतात, आणि ते बहुतेक वेळा उसनं असतं. उसनं असल्यामुळे ते परत करावं लागतं, तेही संध्याकाळी अंथरुणाला पाठ टेकल्यावर, व्याजासकट. उभारीचं तसं नाही. रोप मूळ धरतं, मूल बाळसं धरतं, तसं मन उभारी धरतं. जे धरायचं असतं ते ओढून आणता येत नाही. नख ओढलं तर वाढत नाही, दुखतं.

मग हातात काय उरतं? दिसणारं नख तर निर्जीवच असतं, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग आत, मुळाशी, कातडीखाली. तिथे लुडबूड करायची नाही, फक्त त्याला लागेल ते पोचत ठेवायचं. झोप, पाणी, अंघोळ, घराबाहेर एक चक्कर. ही यादी इतकी साधी आहे की लिहितानाही संकोच वाटतो. पण वाईट दिवशी आपण नेमकं हेच आधी बंद करतो, काम परत आल्याची शिक्षा अंघोळीला देतो. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात हे चक्र नीट मांडलं होतं. मन उदास म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी म्हणून बरं वाटायच्या जागा कमी होतात, आणि मग मन आणखी खाली जातं. त्यांनी ते उलट्या टोकाने धरलं: मनाची वाट न पाहता आधी काहीतरी करायचं, मन मागून येतं. मन मागून येतं हे खरं, पण ते उशिरा येतं, रेंगाळत येतं आणि कधी कधी येतच नाही. दोन-दोन आठवडे रोज असंच चाललं असेल, कशातच जीव रमत नसेल, तर नेलकटर पुरायचं नाही. तिथे डॉक्टरच गाठावा. मुळालाच इजा झाली असेल तर नुसतं कापून-घासून काय होणार.

माझं तेवढं नव्हतं. एका वाईट दिवसापुरतं होतं.

डाव्या हाताची नखं उजव्याने सफाईने कापली. मग नेलकटर डाव्या हातात घेतलं. इथे नेहमीच पंचाईत. डाव्या हाताला ना नेम, ना जोर. नख कुठे जास्त कापलं जातं, कुठे टोक राहतं. मधल्या बोटाला तर चक्क त्रिकोण झाला. तरी तो हात आपला धडपडत काम करत राहिला, आणि मीही त्याला घाई केली नाही. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मी काही बोलले नसते, मग याला कशाला बोलू?

कागदाची पुडी करून टाकली. हात धुतले. हात धुतलेच आहेत तर तोंडही धुवावं असं वाटलं, आणि तोंड धुताना वाटलं की आता अंघोळच करून टाकावी. फोन मात्र पालथाच राहू दिला.

अंघोळ करताना पायांकडे लक्ष गेलं. तीही नखं वाढली होती. पायाची नखं हाताच्या निम्म्यानेच वाढतात म्हणे.

पायांची उद्या.