मे महिन्यातलं जाकीट

गेल्या मे महिन्यात चिपळूणला आतेभावाचं लग्न झालं. आम्ही सगळ्या भावांनी एकसारखी आमसुली जाकिटं घालायची असं ठरलं, ठरवलं कुणी तर व्हॉट्सॅप ग्रुपने, म्हणजे कुणीच नाही. मे महिना, पत्र्याचा हॉल, दोनच कूलर आणि दोन्हींची तोंडं स्टेजकडे. मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्याला पोचेपर्यंत जाकिटाचं अस्तर पाठीला असं चिकटलं की पोलिसाने मागनं धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. काकू म्हणाली, "अरे काढ ते, झाला ना फोटो!" पण काढणार कसं, आत शर्टाची दशा काय झालेली ते माझं मला माहीत.

खरं सांगायचं तर कोकणात जाकिटाचं काही कामच नाही. थंडी म्हणून जी काय पडते ती आंब्याला मोहोर आणण्यापुरती. बाकी घाम नाहीतर पाऊस. त्यामुळे इथे जाकीट घालणारा ते अंगासाठी घालतच नाही. माझ्या लहानपणी आमच्या खेडकडच्या गावात जाकीटवाले मोजून तिघे होते: तालुक्याला कायम काहीतरी काम असलेले एक पुढारी, हेडमास्तर आणि आमचे आजोबा, जे पुढारीही नव्हते आणि मास्तरही.

आजोबांचं जाकीट राखाडी खादीचं. पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवायचे तरी श्रावणात त्यावर पांढरी बुरशी यायचीच, मग ऊन दिसलं की अंगणातल्या दांडीवर घालून ब्रशने झाडायचं. पण खरी मजा खिशांची. वरच्या खिशात शाईचं पेन आणि त्याच्याखाली कधीच न गेलेला निळा डाग, खालच्या दोनांत तपकिरीची डबी आणि चष्मा, आणि आत डाव्या बाजूला चोरखिसा, त्यात घडी करकरून फाटायला आलेला सातबारा आणि एसटीची तिकिटं. सगळं ऑफिस अंगावर. खुंटीला लावलं तरी ते वजनाने एका बाजूला कलायचं.

आतमध्ये घालायचे तो नेहरू शर्ट. बाकी देश त्याला कुर्ता म्हणतो, आपल्याकडे नेहरू शर्ट आणि खाली लेंगा. आता गंमत बघा, 30 नोव्हेंबर 1957 ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा मुंबईसह महाराष्ट्र मिळत नाही म्हणून संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेत काळी निशाणं दाखवायचं ठरवलेलं, तिकडे पसरणी घाटात आणि इकडे आमच्या बाजूने पोलादपुरात. आजोबाही कशेडी घाट उतरून गेले. निशाण म्हणजे मोडक्या छत्रीचं कापड, काठीला बांधलेलं. आणि अंगात काय, तर नेहरू शर्ट आणि जाकीट! मी एकदा विचारलं, आजोबा, असं कसं चाललं? तर म्हणाले, "भांडण मुंबईसाठी होतं रे, शर्टाशी काय वाकडं होतं आमचं?" आणि तपकीर ओढली.

तिकडे अमेरिकेत मात्र वेगळाच घोळ. नेहरू 27 मे 1964 ला गेले आणि त्यांच्या नावाच्या जाकिटाची साथ तिकडे पसरली ती त्यानंतर. त्याआधी 1962 च्या पहिल्या बाँडपटातल्या खलनायकाला तसल्याच उभ्या कॉलरचा कोट होता, 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स उभ्या कॉलरचे कोट घालून गायले, 1968 च्या सुमाराला तिथल्या टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या जॉनी कार्सनने घातलं आणि मग काय, जो तो गळाबंद स्वेटरवर ते चढवून वर लॉकेट लटकवून फिरायला लागला. सॅमी डेव्हिस ज्युनियर या गायकाकडे म्हणे दोनशेच्या वर होती. दोनशे! आणि दोनेक वर्षांत सगळं थंड.

बरं, ते जाकीट म्हणजे कमरेखालपर्यंतचा, बाह्यांचा कोट, ज्याला आपण सरळ बंद गळ्याचा कोट म्हणतो. नेहरूंची ओळख म्हणजे गुडघ्यापर्यंतची अचकन आणि काजात गुलाब. ती बहुतेक तिथल्या शिंप्यांना लांब वाटली असणार, दिली अर्ध्यात कापून. आपलं जाकीट तर बिनबाह्यांचं. तीन वेगळे कपडे आणि नाव एकाच माणसाचं, त्यात आता चिपळूणच्या दुकानात तेच बिनबाह्यांचं "मोदी जाकीट" म्हणून पुढे टाकतात, मी काही बोललो नाही, साइज विचारली.

तर लग्नात जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तसे आत्याचे यजमान माझ्याकडे आले आणि आहेराची पंधरावीस पाकिटं माझ्या हातात कोंबत म्हणाले, "जाकीट घातलंयस ना, ठेव खिशात, सांभाळ." मी खालच्या खिशात हात घालायला गेलो तर बोटं जाईनात. नुसती पट्टी शिवलेली, खाली खिसाच नाही. दुसऱ्या बाजूला तेच. वरच्यात तिकोनी रुमाल, तोही पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आतून चाचपलं, नुसतं ओलं अस्तर. शेवटी वाढप्याकडनं बुंदीच्या लाडवांची रिकामी पिशवी मागून घेतली आणि पाकिटं त्यात भरून संध्याकाळपर्यंत काखेत धरून बसलो. रात्री आत्याने मोजायला घेतली तर नोटांना तूप लागलेलं.