रिव्हरडान्सच्या चार वर्षं आधी

आयरिश डान्स म्हटलं की सगळे थेट रिव्हरडान्सवर येतात. १९९४, डब्लिन, युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत मधल्या वेळेत झालेला सात मिनिटांचा तो नाच. भारीच होतं ते, वाद नाही. पण त्यात नाचणारा मायकल फ्लॅटली आयर्लंडचा नाही, शिकागोचा पोरगा, तिथल्या डेनेही स्कूल या आयरिश डान्सच्या शाळेत शिकलेला. अकराव्या वर्षी नाच शिकायला गेला तर म्हणे तुला उशीर झालाय, आणि हाच १९७५ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन!

त्याच डेनेही स्कूलमधला दुसरा मुलगा मार्क हॉवर्ड, आणि मला खरं तर याच्याबद्दल लिहायचंय. जन्म यॉर्कशायरचा, वाढला शिकागोत. १९८२ मध्ये यानं स्वतःचा क्लास काढला, ट्रिनिटी अकॅडमी ऑफ आयरिश डान्स. पाचच वर्षांत, १९८७ ला, त्याची टीम वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेऊन आली, अमेरिकन टीमला ते पहिल्यांदाच मिळालं.

आता या नाचाचं जग म्हणजे स्पर्धा. हात बाजूला सरळ, कंबरेच्या वर काही हलायचं नाही, सगळं काम पायांचं, आणि समोर परीक्षक मार्क देत बसलेले. फेश म्हणतात त्या स्पर्धांना. लहानपणापासून पोरं त्यातच, कप, मेडल, पुढची फेश, परत मेडल, आणि मग मोठं झाल्यावर काय? एकतर टीचर व्हा नाहीतर शूज कपाटात टाका. आपल्याकडे भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालं की कितीतरी मुलींचं होतं तसंच.

हॉवर्डनं यावर १९९० मध्ये ट्रिनिटी आयरिश डान्स कंपनी सुरू केली. म्हणजे स्पर्धा नाही, स्टेजसाठी बसवलेला नाच, नाचणाऱ्यांत मुलीच जास्त, आणि हार्ड शूजचा, म्हणजे कडक तळाच्या बुटांचा, ठेका असा की पायांनीच ड्रम वाजवतायत. रिव्हरडान्सच्या चार वर्षं आधी हे! जॉनी कार्सनच्या टुनाइट शो या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातही ट्रिनिटीची मुलं नाचली होती, तेही रिव्हरडान्सच्या आधीच.

फ्लॅटलीचं नाव जगभर झालं, होऊ दे, त्याचे पाय आहेतच तसे. पण मला हॉवर्डचं काम जास्त आवडतं कारण त्यात एकच स्टार नाही, अख्खी रांग एका ठेक्यात असते. आणि अकॅडमी बंद वगैरे केली नाही त्यानं, शिकागो आणि मिलवॉकीकडे क्लास चालूच आहेत, पोरं फेशलाही जातात, मेडलं आणतात.