२४७ क्रमांकाचा मेलबॉक्स

२०१३ च्या दिवाळीनंतर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बुधवारी, ६ नोव्हेंबरला, चार दिवसांच्या सुट्टीनंतर उघडला, आणि साडेनऊ वाजायच्या आत तिथल्या प्रशासन विभागाच्या मॅडमचा मला फोन आला. त्या कारखान्याच्या ईपीएबीएक्सची, म्हणजे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची, देखभाल आमच्या छोट्या कंपनीकडे होती. कार्ड जळणे, उंदराने केबल कुरतडणे, पावसात लाइन खरखरणे अशा तक्रारींची मला सवय होती, पण त्या दिवशी मॅडम एवढेच म्हणाल्या, "मशीन चांगले चालले आहे. तरीही तुम्ही लगेच या, आणि येताना रेकॉर्ड काढायची तयारी करून या."

तिथे पोहोचल्यावर कळले की टेलिफोन सेवा देणाऱ्या कंपनीने आदल्या दिवशी सकाळीच त्यांची आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावण्याची, सुविधा बंद करून तसे ई-मेलने कळवले होते. शनिवारच्या रात्रीपासून मंगळवारच्या पहाटेपर्यंत, तीन रात्रींत, त्यांच्या लाइनवरून चौदा हजारांहून अधिक मिनिटांचे परदेशी कॉल झाले होते आणि त्यांची रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास जात होती. एरवी या कारखान्याचे महिन्याचे बिल चाळीस हजारांच्या घरात असे.

मला बोलावण्यापूर्वीच एक निर्णय होऊन गेला होता. सुट्टीत तिन्ही रात्री गेटवर ज्यांची पाळी होती त्या काकांना सकाळीच घरी पाठवण्यात आले होते. ऑफिसच्या किल्ल्या रात्री त्यांच्या ताब्यात असत, त्यांचे जावई मस्कतला नोकरीला होते, आणि काही महिन्यांपूर्वी त्यांनी रिसेप्शनवरच्या ताईंना "तिकडे एक फोन लावून देता का" असे विचारले होते. एवढ्या तीन गोष्टींवरून बाकी सगळ्यांची खात्री पटली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाकीचे घरी फराळ करत असताना हा माणूस कारखाना राखत बसला होता, हे त्या वेळी कोणाच्या बोलण्यात आले नाही.

रिसेप्शनच्या मागच्या खोलीत एक जुना संगणक होता आणि एक्स्चेंजमधून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक कॉलची नोंद त्यावर साठत असे: कोणत्या एक्स्टेंशनवरून, कोणत्या चॅनलवर, कोणता क्रमांक, किती वाजता, किती सेकंद. सेवा कंपनीच्या बिलावर फक्त कारखान्याचा मुख्य क्रमांक दिसतो. आतून नेमका कोणता फोन उचलला गेला हे त्या बिलाला माहीतच नसते. ते ठाऊक असते फक्त या नोंदींना, आणि त्या बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही.

मी शनिवारच्या रात्रीच्या नोंदी वेळेनुसार लावल्या. लॅटव्हिया, सोमालिया, मालदीव, सिएरा लिओन, क्युबा: ज्या देशांशी या कारखान्याचा कधी नट-बोल्टचाही व्यवहार झाला नव्हता, त्यांचे कोड रांगेने येत होते. ओमानचा ९६८ कुठेही नव्हता. पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. हे कॉल एकामागून एक झालेले नव्हते. रात्री दीडच्या सुमारास एकाच वेळी पंधरा कॉल चालू होते आणि पंधराच्या वर तो आकडा तिन्ही रात्रींत एकदाही गेला नव्हता.

पंधरा हा आकडा मी कागदावर लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. कारखान्यात एक पीआरआय लाइन होती आणि अशा लाइनवर एका वेळी तीस संभाषणे चालू शकतात. कोणी आत बसून फोन लावत असते, तर सोळावा, सतरावा, तिसावा कॉलही लागला असता. आकडा बरोबर निम्म्यावर अडतो, याचा अर्थ प्रत्येक कॉलला दोन चॅनल लागत होते: एक बाहेरून आत येणारा आणि एक आतून बाहेर जाणारा. मी आवक कॉलच्या नोंदी शेजारी लावून पाहिल्या. प्रत्येक परदेशी कॉलच्या काही सेकंद आधी बाहेरून एक कॉल आत आलेला होता आणि दोन्ही एकाच क्षणी संपले होते.

मॅडमना मी पडद्यावर कॉल जोडून देणाऱ्या एक्स्टेंशनचा रकाना दाखवला. २९१ ते २९८ हेच आठ क्रमांक तिथे फिरून फिरून येत होते. त्यांनी भिंतीवरची एक्स्टेंशनची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारले, "पण २९१ आहे कुठे?" तो क्रमांक यादीत असण्याचे कारणच नव्हते, कारण त्या आठ क्रमांकांना जोडलेले एकही टेलिफोन यंत्र त्या इमारतीत नव्हते. ते व्हॉइस मेलच्या, म्हणजे फोनवरचे निरोप साठवून ठेवणाऱ्या यंत्राच्या, कार्डावरचे आठ पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, होत्या.

यापुढचे काम मात्र मला माझ्याच पावलांवरून मागे नेणारे होते. रात्री बाहेरून फोन आला की हे यंत्र नम्र आवाजात एक्स्टेंशन क्रमांक दाबायला सांगत असे. उत्तर मिळाले नाही तर निरोप ठेवू देत असे. आणि एक विशिष्ट कळ दाबली की मेलबॉक्सचा, म्हणजे त्या एक्स्टेंशनच्या निरोपांच्या कप्प्याचा, मालक समजून पिन विचारत असे. २४७ हे एक्स्टेंशन खरेदी विभागातल्या एका अधिकाऱ्यांचे होते. ते दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले, त्यांचे टेबल दुसऱ्याला मिळाले, नव्या माणसाला नवा क्रमांक मिळाला. मेलबॉक्स तसाच राहिला. त्याचा पिन ११११ होता. यंत्र बसवताना सगळ्या मेलबॉक्सना तोच पिन असतो आणि प्रत्येकाने तो बदलायचा असतो. तो बदलून घेण्याची जबाबदारी यंत्र बसवणाऱ्याची, आणि ते यंत्र चार वर्षांपूर्वी मी स्वतः बसवले होते.

त्या मेलबॉक्समध्ये एक साधी सोय असते. फोन करणाऱ्याला निरोप ठेवायचा नसेल तर शून्य दाबल्यावर त्याला एखाद्या सहकाऱ्याकडे पाठवता येते, आणि तो सहकारी कोण हे मेलबॉक्सचा मालक स्वतः ठरवतो. २४७ मध्ये त्या जागी कोणत्याही एक्स्टेंशनचा क्रमांक नव्हता. तिथे बाहेरची लाइन घेण्याचा कोडच भरलेला होता. म्हणजे जगातून कुठूनही या कारखान्याला फोन करावा, २४७ मागावा, शून्य दाबावे आणि भोसरीचा डायल टोन ऐकत हव्या त्या देशाचा क्रमांक लावावा.

तरीही आयएसडी लागायला नको होती, कारण टेबलांवरच्या सगळ्या फोनना आम्ही कोडचे कुलूप घातले होते. पोर्टना मात्र ते नव्हते. हे का, याचे उत्तर माझ्याच जुन्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये सापडले: कारखान्याच्या संचालकांना ते परदेशात असतानाही नवा निरोप आल्याची सूचना त्यांच्या तिकडच्या मोबाइलवर हवी होती, म्हणून व्हॉइस मेलच्या पोर्टना पूर्ण आयएसडीची मुभा देण्यात आली होती. ती गरज एका दौऱ्यापुरती होती. दौरा संपला, मुभा राहिली.

मग मी दिवाळीच्या आधीच्या नोंदी चाळल्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सलग दोन पहाटे, तीन ते चारच्या दरम्यान, मिनिटभराचे कित्येक आवक कॉल होते. कोणीतरी एकेका मेलबॉक्सचे दार ढकलून पाहत होते. त्यानंतर अवघ्या सहा-सात सेकंदांचे दोन परदेशी कॉल होते आणि पुढे दहा दिवस पूर्ण शांतता. वाट सापडल्यावर त्यांनी ती वापरली नाही. सलग सुट्टी येईपर्यंत ती राखून ठेवली.

संचालक साहेबांनी विचारलेला प्रश्न रास्त होता: यात कोणाला काय मिळते? पलीकडे बोलायला कोणी नसतेच. काही देशांतले महागड्या दराचे क्रमांक भाड्याने घेता येतात आणि त्यावर येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे भाडेकरूला वाटा मिळतो. तो स्वतःच दुसऱ्याच्या एक्स्चेंजमधून आपल्या क्रमांकांवर कॉल पाडत राहतो. कंपन्यांकंपन्यांमधला हिशेब पुढे सरकत राहतो आणि ज्याच्या लाइनवरून कॉल गेले त्याला बिल दिसेपर्यंत वाटा घेणारा निघून गेलेला असतो. दुसऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये असे घुसणे नवे नव्हते. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये, फिलिपीन्समध्ये राहणाऱ्या तिघांवर एक्स्चेंज फोडल्याचे आरोपपत्र दाखल झाले होते; त्यात अडीच हजारांहून अधिक एक्स्चेंज, एक कोटी वीस लाखांहून अधिक मिनिटे आणि साडेपाच कोटी डॉलरचा उल्लेख होता, आणि तिथेही सोपे किंवा मुळातलेच पासवर्ड हीच वाट होती. लंडनच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राला ज्या प्रकरणाने २०११ च्या जुलैमध्ये टाळे लावले, त्यातही लोकांच्या मोबाइलवरचे निरोप असेच चोरून ऐकले गेले होते. या बातम्या मी वाचल्या होत्या. वाचून माझ्या ग्राहकांचे पिन तपासायला मी निघालो नव्हतो, ही गोष्ट मला आजही बोचते.

दुपारी तीनपर्यंत २४७ पुसून टाकला होता, वापरात नसलेले इतर अकरा मेलबॉक्स काढले होते, पोर्टची बाहेर जाण्याची मुभा बंद केली होती, आणि बाहेरून आलेला कॉल पुन्हा बाहेर जोडून देण्याची सोय मुळातूनच रोखली होती. प्रत्येक माणसाला समोर बसवून सहा आकडी पिन घालायला लावला. मग मी संचालकांसमोर बसून सांगितले की मुळातला पिन तसाच ठेवणे ही आमच्याकडून झालेली चूक आहे. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार गेली, सेवा कंपनीशी बिलावरून कित्येक महिने पत्रव्यवहार चालला. अखेर रकमेचा काही भाग माफ झाला, काही कारखान्याने भरला, आणि आमच्या मालकांनी दोन वर्षांचे देखभाल शुल्क सोडून दिले.

त्या बुधवारी मात्र मला बिलापेक्षा दुसरीच घाई होती. निघण्यापूर्वी मी मॅडमना विचारले, "काकांना आज बोलवाल ना?" त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि त्यांनी स्वतः फोन लावला. काका साडेपाचला आले, गणवेशाविना, पांढऱ्या सदऱ्यात, बरोबर मुलाला घेऊन. मॅडमनी त्यांची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितले. काकांनी ते ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "साहेब, हे कुठे लिहून ठेवलंय का?"

माझा अहवाल तयार होता, पण त्यात त्यांच्याबद्दल एक अक्षर नव्हते. सगळे पोर्ट, पिन आणि चॅनल यांच्याबद्दल होते. मी पुन्हा संगणकाशी बसलो, गेटवरच्या २०१ क्रमांकाच्या तिन्ही रात्रींच्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि अहवालाच्या शेवटी लिहिले की २ ते ५ नोव्हेंबर या काळात सुरक्षारक्षक कक्षातून बाहेर एकही कॉल झालेला नाही, तसेच रिसेप्शनसह इमारतीतील कोणत्याही टेलिफोन यंत्रावरून परदेशी कॉल झालेला नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि कंपनीचा शिक्का मारला. मुलाने तो परिच्छेद काकांना मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी कागदाची एक झेरॉक्स मागून घेतली, तिची चार पदरी घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.